पाणी कुठलं प्यायलात?

कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे १९८३ साली चोवीस परगण्यातून रुग्ण आले. अंगावर पावसाचे थेंब उडाल्यासारखे डाग, तळहात-तळपायांची कातडी जाड आणि खरखरीत. साहांनी मलमावर भागवलं नाही. माग काढत ते गावच्या हातपंपापर्यंत पोचले. पाण्यात आर्सेनिक होतं.

पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती वर्षानुवर्षं नमुने तपासत राहिले. मालदा, मुर्शिदाबाद, नदिया अशी यादी लांबत गेली. दक्षिण कोलकात्यातल्या काही कूपनलिकाही तीत आल्या. दोष कुठल्या कारखान्याचा नव्हता. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात आर्सेनिक लोहाच्या संयुगांना चिकटलेलं असतं. खाली प्राणवायू संपला की ते सुटून पाण्यात उतरतं. तळ्याच्या पाण्याने पटकी-हगवण होते म्हणून लोकांना हे हातपंप दिले होते, हे विशेष.

त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय या तिन्ही ठिकाणी आर्सेनिकमुळे कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे. आपल्याला अडचणीत आणतो तो पाणी पिण्यापासून कर्करोग होईपर्यंतचा मधला काळ. चिलीतल्या अँटोफागास्ता शहराने १९५८ ते १९७० आर्सेनिकयुक्त पाणी प्यायलं, मग शुद्धीकरण सुरू झालं. फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू मात्र १९९०च्या दशकापर्यंत चढेच राहिले. म्हणजे पाणी सुटलं तरी धोका सुटत नाही.

आता आपल्या ओपीडीत आलेला, मुंबईच्या झवेरी बाजारातला बंगाली कारागीर डोळ्यांसमोर आणा. हाताला घट्टे पडलेत म्हणतो. हत्यारं चालवणारा हात, त्यामुळे आपल्यालाही पटतं. तळपाय कोण पाहतो? शर्ट काढायला कोण सांगतो? गर्दीच्या ओपीडीत हे होत नाही, हे मान्य; पण दोन मिनिटांचं काम आहे. लघवीतलं आर्सेनिक गेल्या काही दिवसांचं सांगतं, केस-नखांतलं काही महिन्यांचं. बालपणी प्यायलेल्या पाण्याचा पुरावा प्रयोगशाळेत मिळत नाही, तो रुग्णाच्या तोंडूनच काढावा लागतो. अहवाल नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करणं ही चूक ठरेल.

अशा रुग्णाचा एखादा चट्टा वाढू लागला, चिघळला, तर बायॉप्सी लांबवू नका. न दुखता लघवीतून रक्त गेलं तर केवळ जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांवर बोळवण करू नका. बिडी-सिगारेट सोडायला लावणं इथे दुप्पट मोलाचं, कारण आर्सेनिक आणि धूर एकमेकांचा जोर वाढवतात. गावी अजून तेच पाणी पीत असतील तर ते उकळून उपयोग नाही, हेही सांगा. आटलेल्या पाण्यात आर्सेनिक उलट दाट होतं.

आपल्या केसपेपरवर तंबाखूचा रकाना आहे, दारूचा आहे. त्याखाली हाताने एक ओळ वाढवा: लहानपणी कुठल्या गावचं, कशाचं पाणी प्यायलात?