मोटरहोम भाड्यानं घेताय? ॲडव्हान्स देण्याआधी नंबर प्लेट, बॅटरी आणि जनरेटर तपासा

गाडीचं मागचं दार उघडतं, समोर समुद्र दिसतो, आत बेडवर पोरं लोळतायत आणि शेगडीवर चहा उकळतोय. मोटरहोमचे असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. हॉटेल शोधायची कटकट नाही, चेक-आऊटची घाई नाही आणि आजी-आजोबा सोबत असतील तर वाटेत स्वच्छ टॉयलेट शोधत फिरायला नको. कल्पना खरंच चांगली आहे.

पण मोटरहोम म्हणजे गाडी आणि घर दोन्ही. गाडी म्हणून तिला आरटीओचे नियम लागतात, घर म्हणून वीज, पाणी, गॅस आणि सांडपाणी लागतं. रीलमध्ये यातलं काहीच दिसत नाही. म्हणून हा एक्सप्लेनर.

महाराष्ट्रात याला परवानगी आहे का?

आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात दोन गोष्टी आहेत: कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क. पार्क म्हणजे पाणी, वीज, रस्ता अशा मूलभूत सोयी असलेली जागा, जिथे गाडी उभी करून मुक्काम करता येतो. एमटीडीसीसोबत खासगी जागामालकांनाही असे पार्क उभारता येतात. केरळनंही त्याच वर्षी ‘केरावॅन केरळा’ नावानं अशी योजना आणली.

धोरणाचा गाभा पार्क हाच आहे आणि त्याला कारण आहे. मोटरहोमला रोज रात्री तीन गोष्टी लागतात: विजेचा प्लग, पाण्याचा नळ आणि टाकी रिकामी करायची जागा. ही सोय नसेल तर गाडी कितीही महागडी असो, दुसऱ्या दिवशी ती फक्त एक मोठी व्हॅन उरते. म्हणून बुकिंग करताना गाडीच्या फोटोंआधी विचारा, “रात्री गाडी कुठे लावायची?” त्यावर “कुठेही लावा, काही प्रॉब्लेम नाही” असं उत्तर आलं तर सावध व्हा.

पांढरी प्लेट की पिवळी?

आपल्या कायद्यात ‘कॅम्पर व्हॅन’ हा वाहनाचा वेगळा प्रकार आहे. स्वतःच्या वापरासाठी असेल तर ती खासगी, म्हणजे पांढरी प्लेट. भाड्यानं द्यायची असेल तर व्यावसायिक, म्हणजे पिवळी प्लेट. भाड्यानं घेऊन स्वतः चालवायच्या गाड्यांना काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात.

पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर रस्त्यात दंड होईल, हा त्यातला छोटा धोका. मोठा धोका विम्याचा. खासगी म्हणून विमा काढलेली गाडी भाड्यानं चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. आत तुमचं कुटुंब बसलेलं असताना ही जोखीम परवडणारी नाही.

तपासणं सोपं आहे. गाडीचा नंबर मागा आणि एम-परिवहन ॲपवर टाका. वाहनाचा प्रकार, फिटनेस आणि विम्याची मुदत पाहा.

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बेड आणि शेगडी बसवून तयार केलेल्या गाड्याही असतात. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास मोटार वाहन कायद्यानुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे आरसीवर प्रवासी व्हॅन आणि आत किचन-बेडरूम असेल, तर मालकाला सरळ प्रश्न विचारा.

स्वतः चालवता येईल का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की, एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं व्यावसायिक वाहनही चालवता येतं. त्यामुळे लायसन्सचा प्रश्न बराचसा सुटतो. पण कार चालवणं आणि कोकणातल्या घाटात उंच, जड गाडी वळवणं यात फरक आहे. ड्रायव्हरसकट गाडी घेणार असाल तर तो रात्री कुठे झोपणार, हे आधी ठरवा. रात्रभर नीट न झोपलेला ड्रायव्हर सकाळी घाटात स्टेअरिंगवर नको.

आणखी एक गोष्ट. गाडी चालू असताना बेड हा बेड नसतो. धावत्या गाडीत पोरांना झोपवणं किंवा चहा करणं म्हणजे ब्रेक लागताच सगळे पुढे फेकले जाणं. जितकी माणसं, तितक्या बेल्ट असलेल्या सीट हव्यात. ‘सहा जण झोपू शकतात’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, बेल्ट किती जणांना आहेत ते विचारा.

एसी रात्रभर चालेल का?

इथे साधं गणित करू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १.८ युनिट वीज मावते. ताशी एक युनिट खाणारा छोटा एसी ८ तास चालवायचा तर ८ युनिट लागतील. म्हणजे अशा एका बॅटरीवर तो दोन तासही टिकणार नाही. रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरचा प्लग, खूप मोठी बॅटरी किंवा जनरेटर, हे तीनच पर्याय उरतात.

पाण्याचंही तसंच. १०० लिटरची टाकी असेल आणि चौघांनी १५-१५ लिटरमध्ये अंघोळ केली, तर ६० लिटर सकाळीच संपलं.

जनरेटरचा मुद्दा एवढा गंभीर का?

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साईड आत शिरल्यानं हे मृत्यू झाल्याचं तपासात समोर आलं.

या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. म्हणून नियम एकच: जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म गाडीत नसेल तर स्वतः विकत घेऊन लावा. ट्रिपच्या खर्चात तो कुठेच जाणवणार नाही.

एलपीजीचं उलट आहे. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, पण तो हवेपेक्षा जड असल्यानं फरशीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूनं हवा जायला जागा हवी. झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करा.

खर्चाचं गणित कुठे फसतं?

समजा, पुण्याहून तारकर्लीला जाऊन-येऊन ८०० किमी होतात आणि ट्रिप ४ दिवसांची आहे. मालक ‘दिवसाला किमान २५० किमी’ धरत असेल, तर बिल १,००० किमीचं येईल. न फिरलेल्या २०० किमीचे पैसे तुमचे. शिवाय डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, टॉयलेटची टाकी साफ करण्याचे पैसे आणि डिपॉझिट भाड्यात धरलंय का, हे लेखी घ्या. मग कार आणि हॉटेलच्या खर्चाशी तुलना करा. चौघांच्या कुटुंबाला मोटरहोम स्वस्त पडेलच असं नाही. सोबत वयस्कर माणसं असतील किंवा रोज मुक्काम बदलायचा असेल, तर मात्र ज्यादा पैशांचा मोबदला मिळतो.

गाडी कुठे लावायची, पाणी कुठे सोडायचं?

समुद्रकिनाऱ्यावर गाडी लावून स्वयंपाक करण्याचा प्लॅन असेल तर थांबा. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावर २०१९ पासून बंदी आहे आणि दंडही होतो. टॉयलेटची टाकी ओढ्यात किंवा रस्त्याकडेला रिकामी करणं तर कुठेच चालणार नाही. जिथे आपण निसर्ग बघायला जातो, तिथल्या गावाचं पाणी तेच असतं.

थोडक्यात, हे पाच प्रश्न विचारा

१. गाडीचा नंबर काय? (ॲपवर तपासा.)
२. बेल्ट असलेल्या सीट किती?
३. एसी कशावर चालतो आणि किती तास?
४. कार्बन मोनॉक्साईड अलार्म आणि अग्निशामक आहे का?
५. रोज रात्री गाडी कुठे लावायची आणि टाकी कुठे रिकामी करायची?

पाचही उत्तरं नीट मिळाली तर बिनधास्त निघा. एखाद्या प्रश्नावर “बघू हो, होऊन जाईल” असं ऐकू आलं, तर तो ॲडव्हान्स खिशातच राहू द्या.