‘किरकिरा’ रुग्ण आणि आपली शब्दयोजना

रुग्णपत्रिकेतील ‘स्वभाव’ या रकान्यात आपण वैद्यमंडळी काय लिहितो, याकडे कधी लक्ष दिले आहे काय? आम्ही मध्यंतरी आमच्याच जुन्या पत्रिका चाळल्या. ‘किरकिरा’, ‘तिरसट’, ‘चिडका’, ‘हेकट’ हे शब्द जागोजाग आढळले. एके ठिकाणी तर नुसते ‘कटकट्या’ लिहून आम्ही मोकळे झालो होतो.

अशा शब्दांची मराठीत वानवा नाही, आणि गंमत अशी की त्यांत दोषांची विभागणीही दिसते. तापट, भडक माथ्याचा हे सरळसरळ पित्ताचे; पित्त खवळणे हा तर वाक्प्रचारच आहे. कुरकुर, पिरपिर, भुणभुण हे वाताचे, थांबायचे नाव नाही. घुम्या आणि कुढा यांत कफाची जडता. (हा शास्त्रार्थ नव्हे, बोलीचे कौतुक समजावे.)

परंतु याहून महत्त्वाचा भेद निराळाच आहे. तिरसट, खाष्ट, तुसडा ही विशेषणे माणसाची कायमची घडण सांगतात. आपल्या परिभाषेत ती प्रकृती. आपल्या वऱ्हाडी बोलीत मात्र ‘कावणे’ हे क्रियापद आहे. ‘जीव कावला’ म्हणणारा माणूस स्वभाव सांगत नसतो. काहीतरी घडले आहे, असे सांगत असतो. ती विकृती. विकृतीच्या जागी प्रकृतीचा शब्द लिहिला, की प्रश्नपरीक्षा तेथेच संपते.

याचा धडा आम्हांस दारव्हा तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने दिला. मधुमेहासाठी त्यांना अन्यत्र गोळ्या चालू होत्या, आमच्या पत्रिकेवर तशी नोंदही होती. मुलगा सांगत होता, “बाबा लय कावते आता, पयले असे नोते.” निदान त्या ‘पयले असे नोते’ मध्येच होते. आम्ही वयाचा दोष मानला, ‘स्वभाव किरकिरा’ असे लिहिले आणि चूर्ण बदलून दिले. आठवड्याच्या आत ते भरदुपारी शेतात घामाने निथळून कोसळले. रक्तातील साखर उतरली होती. वेळीच साखर मिळाल्याने बचावले. जेवण लांबले की चिडचिड, थरकाप, घाम, गोंधळ, हा क्रम आम्हांस पाठ होता. आमच्याच एका विशेषणाने तो झाकला.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत: स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. आपला रोग वैद्यास सांगता येणे हा गुण आहे, आणि तो गुण ज्याच्यापाशी आहे त्यालाच आपण कटकट्या म्हणतो! विमानस्थानात क्रोध अभिद्रोहावरून आणि शोक दैन्यावरून ओळखावा असे सांगितले आहे. परंतु कापसाचा हंगाम बुडालेला आपल्याकडील माणूस दैन्य सहसा दाखवीत नाही. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावतो. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांचे विशेष पॅकेज विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झाले, त्यांत यवतमाळ होते. येथे तरी अशा रागाला निव्वळ पित्तप्रकोप समजून कामदुधा देऊन रुग्ण परत पाठवू नये. फवारणीच्या दिवसांत तर अस्वस्थ, चिडखोर झालेल्या रुग्णास ‘फवारा मारला काय?’ हे आधी विचारावे. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली आहेत.

औषधालयचालक बंधूंसही हे लागू आहे. ‘या खेपेच्या चूर्णाने घशाशी जळजळते’ म्हणणारे गिऱ्हाईक नकोसे वाटते खरे. पण आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी जी राष्ट्रीय यंत्रणा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानातून चालते, तिला माहिती मिळायची ती अशाच तोंडातून. त्याच्याशी हुज्जत घालण्यापूर्वी पुड्यावरील बॅच क्रमांक तरी टिपून घ्यावा.

काही माणसे जन्मतःच खाष्ट असतात, हे आम्ही नाकारीत नाही. बाजाराच्या दिवशी चाळीस रुग्ण बाहेर बसलेले असता चाळिसाव्याची पिरपिर शांतपणे ऐकणे आम्हांसही साधत नाही. तरीही नव्या पत्रिका छापताना ‘स्वभाव’ या रकान्याशेजारी ‘केव्हापासून?’ असा एक लहान रकाना आम्ही घालून घेतला आहे. परवा एका आजीबाईंनी त्याचे उत्तर दिले, “बोर आटली तवापासून.” तेच शब्द लिहून ठेवले. गर्दीच्या दिवशी तो रकाना कोराच राहतो, हेही कबूल करतो.