विश्लेषण : मुलांचा रक्ताचा कर्करोग बरा होतो, मग सगळी मुले का वाचत नाहीत?

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाविषयी समाजमाध्यमांवर दोनच प्रकारचे मजकूर फिरताना दिसतात. एक, उपचारासाठी लाखो रुपयांच्या मदतीचे आवाहन. दुसरा, 'आता कॅन्सर बरा होणार' अशी नव्या उपचाराची बातमी. या दोन्हींच्या मध्ये महत्त्वाची गोष्ट हरवते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग बहुतांश वेळा जुन्या, माहीत असलेल्या औषधांनीच बरा होतो. मूल वाचणार की नाही, हे पुष्कळदा औषधाच्या नावापेक्षा इतर गोष्टींवर ठरते.

हा आजार नेमका काय?

आपल्या हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्तपेशी तयार होतात. ल्युकेमियात तिथे अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की मूल फिकट पडते, प्लेटलेट घटल्या की अंगावर निळे-लाल डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी झाल्याने ताप हटत नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे 'अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया', अर्थात एएलएल. हा संसर्गजन्य नाही, आणि पालकांच्या कुठल्याही चुकीमुळे होत नाही.

बरे होण्याचे प्रमाण किती बदलले?

१९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांचा आजार तात्पुरता आटोक्यात आणला. हे औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतील मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात अनेक औषधे ठरावीक क्रमाने एकत्र देण्याची पद्धत बसली आणि मुले कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत एएलएल झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. भारतातही १९८४ पासून मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईचे अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी 'एमसीपी ८४१' ही समान उपचारपद्धती राबवली. त्यानंतर जगणाऱ्या मुलांचे प्रमाण ठळकपणे वाढले.

उपचार दोन-अडीच वर्षे का चालतात?

पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या केमोथेरपीनंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात. ताप जातो, भूक लागते, मूल खेळू लागते. पण दिसत नाहीत म्हणजे संपल्या असे नाही. त्या वेळीही शरीरात अशा कोट्यवधी पेशी दडून असू शकतात. म्हणून त्यानंतर आणखी काही महिने तीव्र उपचार आणि मग दीर्घकाळ गोळ्या, असा क्रम असतो. मेंदूभोवतीच्या द्रवात पेशी लपू नयेत म्हणून पाठीच्या कण्यातूनही औषध दिले जाते. उपचार अर्ध्यावर थांबला तर आजार उलटण्याची शक्यता मोठी असते, आणि उलटलेला आजार आवरणे पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

मग आपल्याकडे फरक कुठे पडतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सर्व प्रकारचे बालकर्करोग धरले, तर श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठरवले.

ही दरी तीन ठिकाणी तयार होते. पहिले, उशिरा निदान. ताप आणि फिकटपणा म्हणजे टायफॉइड, डेंग्यू किंवा अॅनिमिया असे समजून आठवडे निघून जातात. त्यातच कुणी निदानाआधी स्टेरॉइड दिले तर मुलाला तात्पुरते बरे वाटते आणि खरा आजार झाकला जातो. दुसरे, जंतुसंसर्ग. केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती घटलेली असते. अशा वेळी ताप आल्यावर काही तासांत प्रतिजैविक सुरू व्हावे लागते, आणि गाव रुग्णालयापासून दूर असेल तर तेवढा वेळ हाती नसतो. तिसरे, अर्ध्यावर सुटलेला उपचार.

पालक उपचार का सोडतात?

अनेकदा त्याला निष्काळजीपणा म्हटले जाते. प्रत्यक्षात हिशेब वेगळा असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतमधून उपचाराचा खर्च भागू शकतो, प्रवासातही सवलती मिळतात. पण महिनोन्‌महिने शहरात राहायचे कुठे, बुडालेली मजुरी कोण देणार आणि गावी ठेवलेल्या दुसऱ्या मुलांकडे कोण बघणार? त्यातच आजारी मूल हसू-खेळू लागलेले असते. मग 'आता बरा आहे' असे म्हणून कुटुंब परतते.

हे बदलता येते, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलमध्ये एके काळी सुमारे पाचपैकी एका मुलाचा उपचार नाकारला जाई किंवा अर्ध्यावर सुटे. रुग्णालयाने मुलांसाठी स्वतंत्र मदत यंत्रणा उभारली. निधी, निवास, आहार, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबाला फोन, अशी साखळी बांधली. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स यांसारख्या ठिकाणी राहण्याची सोय होते. यातली एकही गोष्ट 'औषध' नाही. तरी ती जीव वाचवते.

किशोरवयीनांचा प्रश्न वेगळा का?

लहान मुलांच्या तुलनेत पंधरा-सोळा वर्षांपुढील रुग्णांमध्ये आजार अधिक चिवट असतो. शिवाय ते बालविभाग आणि प्रौढांचा विभाग यांच्या मध्ये अडकतात. अमेरिकेत १६ ते २० वर्षे वयाच्या रुग्णांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी सात वर्षांनंतर ६७ टक्के जिवंत होते. प्रौढांच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के. दोन्हीकडची औषधे बरीचशी सारखीच होती, पण मात्रा आणि वेळापत्रक वेगळे होते. त्यामुळे या वयातील रुग्णासाठी 'मुलांची पद्धत वापरणार का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

नव्या उपचारांचे काय?

ते खरे आहेत आणि महत्त्वाचेही. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या केमोथेरपीला ब्लिनाटुमोमॅबची जोड दिल्यावर तीन वर्षांनंतर आजारमुक्त मुलांचे प्रमाण सुमारे ८८ वरून ९६ टक्क्यांवर गेले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार १९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो परदेशी उपचारांहून बराच स्वस्त असला, तरी खर्च लाखांतच आहे. शिवाय ही मान्यता १५ वर्षे व त्यावरील अशा रुग्णांसाठी होती, ज्यांचा आजार उलटला आहे किंवा इतर औषधांना दाद देत नाही. म्हणजेच हा पहिल्या उपचाराला पर्याय नाही.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

न हटणारा ताप, वाढता फिकटपणा, मार न लागता उठणारे निळे डाग, हाडे दुखणे किंवा लंगडणे, मानेतील-काखेतील गाठी यांपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तर रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्यावी. ती तालुक्याच्या गावीही होते. निदान झाल्यास पहिल्याच दिवशी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. योजना, निवास, निधी यांची वाट तिथूनच सुरू होते. आणि मूल ठणठणीत दिसू लागले तरी डॉक्टरांनी दिलेले वेळापत्रक संपेपर्यंत एकही गोळी, एकही तारीख चुकवू नये. खरी लढाई मूल बरे दिसू लागल्यानंतरच जिंकली किंवा हरली जाते.