‘दुसरा टाका, साहेब’

बंगळुरूत जुन्या गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरायला लागला की सल्ला एकच मिळतो : ‘दुसरा टाका, साहेब.’ जे. सी. रोडवर सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे, शिवाजीनगरच्या गुजरीत मोडीत काढलेल्या गाड्यांचे अवयव ढिगाने पडलेले असतात. तिथून एक बॉक्स उचलायचा, सकाळी गाडी शेडमध्ये, संध्याकाळी रस्त्यावर. माझं मत याच्या उलट आहे. जुन्या गाडीचा स्वतःचा गिअरबॉक्स शक्य तोवर उघडून, मोजून, पुन्हा बांधावा. आणि जो माणूस तो उघडतो त्याची मजुरी पार्ट्सच्या बिलापेक्षा जास्त झाली तरी कुरकुर करू नये. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, पण त्याकडे जायला गिअरबॉक्समधूनच जावं लागेल.

गाडी महिंद्राची सीजे-3बी, पेट्रोल. आपल्यातल्या जुन्या मंडळींना ओळख सांगायला नको. 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ पाठीवर घेऊन 1965 मध्ये जी जीप लढली, त्याच घराण्यातली. महिंद्रने विलीजची जीप भारतात आणली ती 1947 पासून, आणि तिच्याबरोबर आला तो टी-90 गिअरबॉक्स : बिडाचं जाड कवच, तीन पुढचे गिअर, एक रिव्हर्स. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो आहे, पहिल्याला नाही. त्यामुळे पहिला गिअर गाडी थांबल्यावर टाकायचा, नाहीतर डबल क्लच मारायचा. मूळ विलीजच्या बॉक्समध्ये पहिला 2.798 ला एक, दुसरा 1.551 ला एक आणि तिसरा सरळ एकास एक. पाठीला चिकटलेल्या ट्रान्सफर केसमध्ये लो टाकला की त्यावर आणखी 2.46 पट. चढ कसलाही असो, ही गाडी चढते. प्रश्न उतरण्याचा असतो.

माझ्या जीपचा दुसरा गिअर उतारावर सुटायचा. कोरमंगलाच्या सपाट रस्त्यांवर याचं काही वाटत नाही. फार तर दांडा हाताने धरून चालवता येते, आणि अशी दांडा धरून चालवलेली कितीतरी वाहनं मी नोकरीत पाहिली आहेत. पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ब्रेकवर उतरताना तो सुटला, तर गाडी एका क्षणात मोकळी होते आणि सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकवर येतो. वेग आलेला असताना पहिला गिअर पडत नाही, कारण त्याला सिंक्रो नाही. दुसरा पुन्हा लागला तर लागला. डोंगरातल्या पोस्टिंगवर गाडी चालवलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही.

आता ‘दुसरा टाका’ या सल्ल्याचा विचार करा. गुजरीतला प्रत्येक बॉक्स कुठल्या तरी मोडलेल्या गाडीतून निघालेला असतो. तो कशाने मोडला, किती वर्षं कुठल्या तेलावर चालला, विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तोही टी-90 च, तितकाच म्हातारा, आणि दुसऱ्या गिअरचं दुखणं तर या बॉक्सच्या जातीलाच आहे. आपण आपला ओळखीचा आजार देऊन दुसऱ्याचा अनोळखी आजार विकत घेतो. मला दाखवलेल्या एका बॉक्सला बाहेरून चंदेरी रंग मारला होता. आतल्या दातांना कोणी रंग मारत नाही.

माझा बॉक्स उघडला तो एका निवृत्त हवालदाराने. ईएमईचे व्हेइकल मेकॅनिक, गडहिंग्लजकडचे, चोवीस वर्षं नोकरी. आधी फील्ड वर्कशॉप, मग बेस वर्कशॉप. मी त्यांना उस्ताद म्हणतो. ते मला साहेब म्हणतात, आणि काम चालू असताना काहीच म्हणत नाहीत.

पहिल्या रविवारी त्यांनी बॉक्सला हातच लावला नाही. आधी बेल हाउसिंगचे बोल्ट पाहिले, मग मागचं माउंटिंग. बॉक्स इंजिनाशी सरळ रेषेत बसलेला नसेल तरीही गिअर सुटतो, आणि ते कारण पान्याच्या दोन फेऱ्यांत मिटतं. स्वस्तातलं कारण आधी तपासायचं. मग वरचं झाकण काढून गोळ्या आणि स्प्रिंग पाहिल्या, ज्यांच्या दाबावर गिअरची पट्टी जागेवर थांबते. एक स्प्रिंग मेलेली होती. ती बदलून गाडी त्याच संध्याकाळी परत देता आली असती, आणि महिनाभर बरीही चालली असती. उस्तादांनी तेल काढलं, बोटांवर घेऊन उन्हात धरलं. पितळेची बारीक चकाकी होती. “साहेब, उतरवूया,” एवढंच बोलले.

टी-90 उतरवणं म्हणजे ट्रान्सफर केसही उतरवणं, कारण बॉक्सचा मेनशाफ्ट थेट तिच्या पोटात जातो. मागचं छोटं झाकण काढायचं, स्प्लिट पिन, मग खाचांचा नट, मग तिथला गिअर. इथे एक गोम आहे. दोन्ही कवचं वेगळी करताना मेनशाफ्ट ट्रान्सफर केसबरोबर मागे ओढला गेला, तर सिंक्रोची जुळणी बॉक्सच्या पोटातच सुटते. विलीजच्या जुन्या मॅन्युअलात त्यावर उपाय दिलाय : दुसऱ्या गिअरच्या मागे शाफ्टला तारेचा फास घालायचा आणि तार पुढच्या बोल्टला बांधून ठेवायची. उस्तादांनी मॅन्युअल मागितलं नाही. खिशातून बाइंडिंग वायर काढली.

मग काउंटरशाफ्ट मागच्या दिशेने ठोकून काढला की गिअरचा अख्खा क्लस्टर कवचाच्या तळाशी बसतो आणि मेनशाफ्टला बाहेर यायला वाट मिळते. कोंदट वाड्यातून कपाट काढण्यासारखा प्रकार. एकाने आधी खाली बसल्याशिवाय दुसरा निघत नाही. बाहेर काढलेला प्रत्येक भाग डिझेलमध्ये धुऊन जुन्या चादरीवर निघाला त्याच क्रमाने मांडला. त्यानंतरचे दोन तास त्यांनी फक्त पाहिलं.

दोष सापडला तो एका जागी नव्हता. दुसऱ्या गिअरच्या कडेचे छोटे दात, ज्यांवर स्लीव्ह चढते, ते एका अंगाने उतरते झाले होते. चढावर गाडी ओढताना दातांच्या एका बाजूवर भार येतो, उतारावर दुसऱ्या बाजूवर. झिजलेली बाजू उतारावरची होती, म्हणून भार आला की स्लीव्ह बाहेर ढकलली जायची. पितळी रिंगेच्या आतल्या बारीक खाचा गुळगुळीत झालेल्या. गिअरच्या शंकूवर दाबून धरली तर मधली फट जवळजवळ संपलेली. क्लस्टरचे थ्रस्ट वॉशर झिजल्यामुळे तो पुढेमागे हलत होता. आणि वरून ती मेलेली स्प्रिंग. यांपैकी एकच गोष्ट बदलली असती तर उरलेल्यांनी नवा भाग लवकर खाल्ला असता. याला ‘बांधणं’ म्हणतात, आणि नुसत्या ‘बदलण्या’पेक्षा ते इथे वेगळं होतं.

आणखी एक. जे शाबूत होतं ते त्यांनी बदलू दिलं नाही. पहिल्या-रिव्हर्सचा गिअर, तिसऱ्याची बाजू, शिफ्ट फोर्क हे सगळं तपासून परत ठेवलं. मी हौसेने पूर्ण किट घेऊ म्हणत होतो. “जुनं लोखंड चांगलं आहे साहेब, नव्याची मला खात्री नाही,” म्हणाले. किटमधले बेअरिंग, सील, रिंगा आणि वॉशर वापरले, बाकी परत केलं. निडल ग्रीसमध्ये चिकटवून, त्याच मापाचा लाकडी दांडा आत ठेवून क्लस्टर खाली बसवला आणि खरा शाफ्ट ठोकताना तोच दांडा दुसऱ्या टोकाने बाहेर ढकलला. हा दांडा त्यांनी घरून करून आणला होता. तेल जीएल-4. डिफरन्शियलसाठीच्या जीएल-5 तेलातली गंधक-फॉस्फरसची भर पितळी रिंगांना मानवत नाही, यावर आमचं दोघांचं एकमत होतं.

आता इथे आपल्यातलाच कोणी म्हणेल, फौजेतसुद्धा असेंब्ली बदलतातच की. बदलतात, आणि बदललीच पाहिजे. कॉन्व्हॉयमधलं वाहन अडलं असताना कोणी चादर पसरून वॉशर मोजत बसत नाही. फील्डमध्ये बॉक्स उतरवायचा, दुसरा चढवायचा, गाडी पुढे. पण उतरवलेला बॉक्स मागे जातो, आणि मागे तो उघडणारी माणसं बसलेली असतात. खडकीचं 512, इथलं अलसूरचं 515 ही बेस वर्कशॉप त्यासाठीच. 1943 पासून ईएमई या दोन पायांवर उभी आहे. सिव्हिलमधल्या गॅरेजांनी पहिला पाय उचलला आणि दुसरा सोडून दिला. उतरवलेला बॉक्स आता मागे जातो तो भंगाराच्या वजनात.

मी दुराग्रही नाही. ज्याला जीप रोज होसूर रोडवर चालवायची आहे, त्याने महिंद्राचाच पुढचा चार गिअरचा, सगळ्यांना सिंक्रो असलेला बॉक्स बसवावा; तीन गिअरवर महामार्ग म्हणजे इंजिनाचा छळ आहे. कवचालाच तडा गेला असेल तरी दुसरा शोधावाच लागतो. पण ही कारणं तपासून ठरवायची असतात. ‘उघडायला माणूस नाही’ हे कारण मला मान्य नाही, कारण माणूस आहे.

तो कुठे आहे, ते सांगतो. 2007 मध्ये फ्लिपकार्ट याच कोरमंगलात एका फ्लॅटमध्ये सुरू झाली, आणि त्यानंतर इथल्या बंगल्याबंगल्यांत कचेऱ्या आल्या. त्यांच्या फाटकांवर रात्री बसलेल्यांपैकी कितीतरी आपले आहेत. माझे उस्तादही तिथेच बसतात, बारा तास. अभ्यागतांची नावं वहीत लिहितात, गाड्यांचे नंबर टिपतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पगार वेळेवर येतो, मुलीची फी त्यातून जाते. पण ज्या हातांना दातांची एका अंगाची झीज कळते, त्या हातांत या शहराने फाटकाची किल्ली दिली आणि स्वतःच्या गाड्यांचे बॉक्स गुजरीत नेले, हा हिशेब मला पटत नाही.

दोष एकट्या शहराचा नाही. निवृत्तीआधी डीजीआरचे कोर्स मिळतात, पण युनिटमध्ये आपण जवानाला सांगतो काय? ‘सिक्युरिटीत लगेच नोकरी लागते.’ लागते, म्हणूनच सांगतो. ट्रेडवाल्याने ट्रेडमध्येच राहावं यासाठी कोणी बसून बोलत नाही. सुतार, वेल्डर, ऑटो इलेक्ट्रिशियन, सगळ्यांची हीच गत.

दुसरी बाजू आपल्यासारख्या मालकांची. उस्तादांचे सहा रविवार लागले. त्यांनी जी मजुरी सांगितली ती इतकी कमी होती की मला ती देता आली नाही. गॅरेजचा दर विचारून त्याप्रमाणे दिली, आणि ती पार्ट्सच्या बिलापेक्षा जास्त झाली. एका निवृत्त साहेबांनी हे ऐकून मला वेड्यात काढलं. हेच साहेब चंदेरी रंगाच्या बॉक्सला दुप्पट मोजायला तयार होते. लोखंडाला पैसे द्यायला आपल्याला जड जात नाही, दोन तास नुसतं पाहण्याला द्यायचे म्हटलं की हात आखडतो. आणि त्या दोन तासांतच माझा बॉक्स दुरुस्त झाला होता. बाकी सहा रविवार तो जोडला गेला.

जीप नंदी हिल्सच्या वळणांवरून दुसऱ्या गिअरमध्ये, दांड्याला हात न लावता खाली आणली. ट्रान्सफर केसचा लोचा दांडा अजून जड आहे, त्याचं नंतर बघू. सध्या उस्तादांकडे तीन गाड्या रांगेत आहेत : दोन जीप आणि एक जोंगा, सगळ्या फौजी मालकांच्या. त्यांची नाइट ड्यूटी सुटलेली नाही आणि इतक्यात सुटणारही नाही, त्यामुळे काम फक्त रविवारी. त्यांना जोडीदार हवा आहे. बेळगाव, कोल्हापूर, साताऱ्याकडचा कोणी निवृत्त व्हेइकल मेकॅनिक बंगळुरूत असेल आणि त्याने टी-90 उघडलेला असेल, तर मला कळवा. मजुरी आधी ठरवू, गॅरेजच्या दराने.