आधी कापड, मग चित्र

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे... टी-शर्टवरचं छापील चित्र! सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी यावर काय लिहायचं, असं वाटेल तुम्हाला. पण गणपती आले, शाळेचं स्नेहसंमेलन आलं, घरातली हळद आली, की एकसारख्या टी-शर्टांचा गठ्ठा येऊन पडतो. आणि तो मागवताना बहुतेक ठिकाणी गोष्ट उलटी होते, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी चित्र ठरतं, आणि मग त्या चित्राला चालेल ते कापड माणसांच्या अंगावर येतं.

आमच्या वेळी कापडावर चित्र उतरवायचं म्हणजे भरतकामाचं ट्रेसिंग. कागदावर नक्षी काढायची, टाचणीनं भोकं पाडायची, आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. पण त्याआधी केसमेंट की पॉपलीन हे ठरलेलं असायचं. नक्षी मागाहून येई.

आता हे काम हीट प्रेसवर होतं. माझा एक जुना विद्यार्थी हाच धंदा करतो. त्याच्याकडे बसून मी ते सगळं नीट पाहिलं आहे. खाली टी-शर्ट पसरायचा, वर छापलेला कागद किंवा फिल्म ठेवायची आणि तापलेली जड प्लेट दाबून धरायची. सगळा खेळ तीन गोष्टींचा: उष्णता, वेळ आणि दाब.

यातल्या दोन पद्धती सध्या फार चालतात. एक सब्लिमेशन. आरतीच्या तबकातला कापूर आठवा. तो वितळून पाणी होत नाही, सरळ हवेत उडून जातो. शाळेच्या पुस्तकात याला 'संप्लवन' म्हणतात. ही शाई तशीच. सुमारे २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबली की तिची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. कापड निवलं की रंग आत अडकला! हात फिरवला तर चित्र लागतसुद्धा नाही. पण सुती धाग्यात ही शाई टिकत नाही, दोन धुण्यांत फिकी पडते. शिवाय कापड पांढरं किंवा फिकं लागतं, कारण यात पांढरी शाईच नसते.

दुसरी डीटीएफ. यात चित्र फिल्मवर छापतात, मागे पांढऱ्या शाईचा थर देतात, त्यावर डिंकासारखी पावडर टाकून ती तापवतात. मग साधारण १५० ते १६० अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबलं की चित्र सुती कापडालाही घट्ट धरतं. गडद रंगही चालतो. मात्र हा वर बसलेला थर आहे. छातीभर चित्र घेतलं तर तेवढ्या भागातून वारा जात नाही, खाली घाम साचतो.

आता माझा मुद्दा. कापूस नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. खेळाडूंचं जाळीदार पॉलिएस्टर घाम पसरवून वाळवतं, ते वेगळं. पण स्वस्तातलं, दाट विणीचं पॉलिएस्टर घालून पोरं मिरवणुकीत पाच-पाच तास ढोल वाजवतात, त्याचं काय? घामोळं त्यांच्या पाठीवर येतं, चित्र ठरवणाऱ्या समितीच्या नाही!

तो विद्यार्थी म्हणतो, "बाई, लोक मोबाइलवर डिझाइन दाखवतात आणि भाव विचारतात. कापड हातात कुणी घेतच नाही." त्यातून सगळं 'उद्या सकाळी' हवं असतं. खरं तर चित्र ठेवण्याआधी नुसता टी-शर्ट तीन-चार सेकंद दाबून त्यातली ओल घालवावी लागते. नाहीतर तिची वाफ होऊन चिकटण्यात अडथळा येतो. फिल्म थंड होऊन निघणारी असेल तर निवेपर्यंत थांबावं लागतं. मग वरून टेफ्लॉनचा कागद ठेवून पुन्हा एकदा दाब. दोनशे टी-शर्टांना ही मिनिटं द्यायची कुणी? नीट काम करणारा वेळ मागतो, म्हणून ऑर्डर दुसरीकडे जाते. आणि महिन्याभरात अक्षरं सोलून निघाली की "हल्ली काही टिकतच नाही" म्हणायला आपण मोकळे!

आणखी एक. सुती बनियन जुनं झालं तरी फडकं होऊन वर्षभर घर पुसतं. हे पॉलिएस्टर सांडलेलं पाणीही धड टिपत नाही. एक दिवस मिरवतं आणि मग कपाटात नाहीतर कचऱ्यात.

म्हणून माझं सांगणं एवढंच. ऑर्डर देण्याआधी एक नमुना हातात घ्या, धुऊन पाहा, घालून पाहा. भर उन्हात घालायचा असेल तर सुती घ्या आणि चित्र लहान ठेवा, छातीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढं पुरे. चार-सहा दिवस आधी सांगा. घरी आल्यावर पहिला दिवस धुऊ नका, पुढे धुताना उलटा करा, आणि इस्त्री चित्रावर फिरवू नका.

चार पैसे जास्त पडतील, कबूल. पण पन्नास जणांना एक दिवस घालायचे कपडे द्यायचे, की पंचवीस जणांना दोन वर्षं वापरता येतील असे, हा हिशेब प्रत्येक मंडळानं एकदा मांडून पाहावाच. आमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी तो मांडणार आहे. तुमच्याकडे काय करतात, जरूर कळवा.