पावसाळी आभाळ आणि सौरविजेचा हिशेब

घराच्या छतावर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करावी आणि ती वर्षभर वापरावी, ही कल्पना आता प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय राहिलेली नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' जाहीर केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना लहान शहरांतील मध्यमवर्गीयांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. वर्धा नदीकाठच्या पुलगावसारख्या गावातही शिक्षक, कारकून, सेवानिवृत्त कर्मचारी हिशेब मांडू लागले आहेत. उन्हाळ्यात ऊन भरपूर आहे, हे कोणास सांगावे लागत नाही. शंका आहे ती पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर असे चार महिने आभाळ झाकोळलेले असताना छतावर लाखभर रुपये मांडून ठेवणे शहाणपणाचे ठरेल काय, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर जेथे शोधले जाते तेथे ते नाही.

प्रथम आकाशाचा विचार करू. ढग आले म्हणजे वीज थांबते, हा समज बरोबर नाही. सौर पॅनेलला थेट उन्हाप्रमाणे ढगांतून विखुरलेला प्रकाशही चालतो; फक्त उत्पादन घटते. जुलै-ऑगस्टमध्ये ते उन्हाळ्यातील उत्पादनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास येते, आणि संततधारेच्या दिवशी त्याहूनही खाली जाते. मात्र आपल्या ढगांचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. ते येतात तेव्हा दिवस वर्षातील सर्वांत मोठे असतात. पुलगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि दिवस तेरा तासांहून मोठा असतो. जर्मनीत याच्या उलट स्थिती आहे. तेथे आभाळ भरून राहते ते हिवाळ्यात, आणि उत्तर जर्मनीत तेव्हाचा दिवस आठ तासांचाही नसतो. असे असूनही त्या देशाची सौर क्षमता २०२५ च्या प्रारंभी शंभर गिगावॅटच्या घरात पोहोचली. तेथे एक किलोवॅटच्या संचापासून वर्षाकाठी ९०० ते १,००० युनिट मिळतात. विदर्भात धूळ आणि इतर तूट वजा जाता साडेतेराशे युनिट धरण्यास हरकत नाही.

आपल्याच राज्यातील उदाहरण हवे असेल, तर सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याकडे पाहावे. ज्या तालुक्यातील धुवांधार पावसाच्या पाण्यावर कोयनेची वीज तयार होते, त्याच तालुक्यातील मान्याचीवाडी हे लहानसे गाव ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. सह्याद्रीच्या पावसाळ्यापुढे वर्धा जिल्ह्याचा, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस कितीसा आहे?

विदर्भात खरे पाहता ढगांइतकीच चिंता उन्हाची करावयास हवी. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमान गृहीत धरून ठरविलेली असते आणि त्यापुढील प्रत्येक अंशामागे ती सुमारे एक-तृतीयांश टक्का ते ०.४ टक्का घटते. मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंश असताना छतावरील पॅनेल ६५ अंशांच्याही वर तापते. म्हणजे ऐन उन्हातही उत्पादनाचा सुमारे सातवा हिस्सा उष्णतेपायी जातो. पावसाच्या सरी मात्र पॅनेल थंड करतात आणि त्यावर महिनोन्महिने साचलेली धूळ धुऊन काढतात.

आता पैशाचा हिशेब. एका शिक्षकाचे घर धरू. वर्षाचा वीजवापर ३,००० युनिट; हिवाळ्यात दरमहा १७०-१८०, तर कूलर चालू झाल्यावर मे महिन्यात ४००. अशा घरावर दोन किलोवॅटचा संच बसविण्यास दोनशे चौरस फूट मोकळे छत लागते आणि साधारणतः सव्वा लाख ते एक लाख तीस हजार रुपये खर्च येतो. केंद्राचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटांसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यासाठी १८,००० रुपये आणि एकूण जास्तीत जास्त ७८,००० रुपये असे आहे. म्हणजे या शिक्षकाच्या पदरचे सुमारे ७०,००० रुपये जातील. संच वर्षाला २,७०० युनिट देईल. २०२४-२५ मधील महावितरणचे घरगुती दर, वहन आकार धरून, पहिल्या १०० युनिटांस प्रतियुनिट ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटांस ११ रुपये ४६ पैसे आणि त्यापुढील दोनशेंस १५ रुपये ७२ पैसे असे होते. या दरांनी वर्षाची बचत सुमारे पंचवीस हजार रुपये होते आणि गुंतविलेली रक्कम तीन वर्षांत वसूल होते. २०२५ मध्ये दरांची फेररचना झाली व त्यावर वादही झाले. परंतु शंभर युनिटांच्या आतला दर आणि त्यापुढचा दर यांत मोठी तफावत असते, हे सूत्र तसेच आहे.

या हिशेबात पावसाळ्याचे स्थान किती? चार महिन्यांचे उत्पादन वर्षाच्या उत्पादनाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतके असते. एखाद्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा लांबला आणि या चार महिन्यांचे उत्पादन आणखी एक-पंचमांशाने घटले, तरी वर्षाचे नुकसान विसाव्या हिश्शाचे, म्हणजे १३५ युनिटांचे होईल. तीन वर्षांत वसूल होणारी रक्कम सगळ्याच वर्षी असे घडले तरी आणखी दोन महिन्यांनी वसूल होईल, इतकेच. शिवाय जुलैमध्ये संचाने १६० युनिट दिले आणि घराने २५० वापरले, तरी महावितरणकडून घ्यावे लागणारे युनिट शंभराच्या आतच राहतात; महाग टप्पा टळतो. तेव्हा आभाळाकडे पाहून निर्णय घेऊ नये. तो आपल्या वर्षभराच्या बिलांकडे पाहून घ्यावा.

ढगांहून मोठी उणीव नियमांत आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. छतावरील वीज नेट मीटरमधून मोजली जाते. घराने वापरून उरलेले युनिट महावितरणकडे जमा होतात आणि पुढील महिन्यांच्या बिलांत वजा होतात. ढगाळ हवामानात सौर संच परवडतो तो या सोयीमुळेच. उन्हाचे दिवस ढगांच्या दिवसांना मदत करतात. परंतु महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार हे जमाखाते आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्च रोजी बंद होते. तोपर्यंत न वापरलेल्या युनिटांबद्दल जी रक्कम मिळते, ती ग्राहक स्वतः मोजत असलेल्या दराच्या मानाने फार अल्प असते.

३१ मार्च ही तारीख सरकारी हिशेबाच्या सोयीची आहे. विदर्भाच्या ऋतूंशी तिचा काहीही संबंध नाही. नोव्हेंबर ते मार्च आभाळ निरभ्र असते, कूलर बंद असतात आणि युनिट शिल्लक पडतात. वरील उदाहरणातील घरात अशी शिल्लक अडीचशे युनिटांहून अधिक होईल. नेमके एप्रिल सुरू होताना, कूलरचे पाणी भरण्याची वेळ येते तेव्हा, हे खाते शून्यावर आणले जाते. मेमधील उकाडा आणि जुलैमधील ढग या दोन्हींसाठी जी पुंजी उपयोगी पडली असती, ती क्षुल्लक मोबदल्यात निघून जाते. लांबलेल्या पावसाळ्याने ज्या १३५ युनिटांचे नुकसान केले असते, त्याच्या जवळजवळ दुप्पट युनिट या एका तारखेने खात्यातून काढून घेतले. रुपयांत मोजले तरी दोन्ही नुकसाने हजार-अकराशेच्या घरात, म्हणजे सारखीच आहेत. फरक इतकाच की, ढगांना कोणी आदेश देऊ शकत नाही. तारीख मात्र आयोगाच्या एका दुरुस्तीने बदलता येते. हे खाते ३० सप्टेंबरला, पावसाळा सरल्यावर, बंद करावे. म्हणजे हिवाळ्याची शिल्लक उन्हाळ्यास आणि उन्हाळ्याची पावसाळ्यास मिळेल. वीज कंपनीला रात्रीच्या विजेचा खर्च सोसावा लागतो, हा तिचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. दिवसाची वीज रात्रीच्या वापरातून वजा करावी की नाही, हा वादही राज्यात झालेला आहे. परंतु पंचवीस वर्षे टिकणाऱ्या संचात सामान्य माणसाने पैसे घातल्यावर नियम मध्येच त्याच्या विरुद्ध फिरविले, तर तो विश्वासाचा भंग होईल. बसविलेल्या संचाला बसविण्याच्या वेळचे नियम लागू राहतील, अशी हमी त्यास मिळावयास हवी.

सावधगिरीच्या काही गोष्टी ग्राहकानेही ध्यानात ठेवाव्यात. वर्षाच्या वापराहून मोठा संच बसविण्यात फायदा नाही, कारण जादा वीज कवडीमोल दराने जाते. वादळी पावसात तार तुटून वीज गेली, तर साधा संचही आपोआप बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला छतावरील विजेचा धक्का बसू नये म्हणून ही योजना असते. अंधारात दिवा हवा असेल, तर बॅटरीचा वेगळा खर्च करावा लागतो. पॅनेल पंचवीस वर्षे चालले, तरी इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. मीटरचा स्थिर आकार वीज शून्य वापरली तरी भरावाच लागतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न न्यायाचा आहे. ज्याचे बिल मोठे, त्याची बचत मोठी, असे या योजनेचे गणित आहे. महिन्याला नव्वद युनिट वापरणाऱ्या घराला एक किलोवॅटचा संच बसवून वर्षाला सहा-साडेसहा हजारच वाचतात. त्याचे पैसे वसूल होण्यास दुप्पट काळ लागू शकतो. राज्य शासनाने शंभर युनिटांच्या आतील ग्राहकांसाठी २०२५ मध्ये जादा अनुदानाची योजना आणली, ती या दृष्टीने योग्यच आहे. परंतु अनुदान मिळाले तरी छत कोठून आणावयाचे? कापड गिरणीमुळे नावारूपास आलेल्या पुलगावात कौलारू आणि टिनाची घरे आहेत, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी कुटुंबेही आहेत. भाडेकरूच्या वाट्याचे आकाश त्याच्या मालकीचे नसते. शाळेच्या, नगरपरिषदेच्या किंवा बाजार समितीच्या विस्तीर्ण छतावर सामायिक संच उभारून त्यातील वाटा अशा कुटुंबांच्या बिलातून वजा करण्याची व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ती झाली नाही, तर सार्वजनिक पैशातून स्वतःचे पक्के घर असणाऱ्यांची बिले कमी होतील आणि महाग वीज घेण्याची पाळी मागे राहिलेल्यांवर येईल.

तेव्हा ज्याचे स्वतःचे पक्के व सावली न पडणारे छत आहे आणि ज्याचा वापर दरमहा शंभर युनिटांच्या बराच वर जातो, त्याने ढगांच्या भीतीने थांबण्याचे कारण नाही. पुलगावच्या पावसाळ्यातही सौरवीज परवडते. ती सर्वांना परवडावी यासाठी हिशेबाची तारीख बदलणे, नियम स्थिर ठेवणे आणि छत नसलेल्यांना वाटा देणे, ही तीन कामे आयोगाची आणि शासनाची आहेत. त्यांपैकी एकाही कामात पावसाची अडचण येत नाही.