मशेरी म्हणजे तंबाखूच : गरोदरपण आणि बाळाचा मेंदू

"तंबाखू खाता का?" असं विचारलं की गरोदर बाई "नाही" म्हणते. "मशेरी लावता का?" असं विचारलं की मात्र "ती होय, दातांना" असं उत्तर येतं. आपल्या कोल्हापूर भागात अनेक घरांत मशेरीला तंबाखू समजतच नाहीत. पण ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच आहे. भाजली तरी तिच्यात निकोटीन उरतं. ते हिरड्यांतून रक्तात जातं आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं.

मेंदूत चेतापेशींबरोबर त्यांना सांभाळणाऱ्या ग्लियल पेशीही असतात. काही ग्लियल पेशी चेतापेशींना पोषण देतात, काही त्यांच्या तंतूंवर वायरीच्या प्लास्टिकसारखं मायलिनचं आवरण चढवतात, तर काही नको असलेल्या जोडण्या छाटतात. हे काम पोटात असतानाच सुरू होतं आणि जन्मानंतर कित्येक वर्षं चालतं. निकोटीनचा परिणाम या पेशींवरही होतो. गर्भात निकोटीन मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांत मायलिन तयार करणाऱ्या जनुकांच्या कामात बदल दिसले आहेत. उंदरांतलं सगळंच माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे खरं. पण बाळाच्या वजनाबाबतचा पुरावा माणसांतला आणि आपल्याच राज्यातला आहे. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सुमारे ६ दिवस आधी जन्मली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : पहिल्याच तपासणीत रक्तदाब, हिमोग्लोबिनबरोबर मशेरीचं नाव घेऊन विचारायला हवं, आणि तेही न रागावता. रागावलं की बाई पुढच्या वेळी लपवते. "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खोटी नसते. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. तेव्हा बद्धकोष्ठावर उपाय द्या : भरपूर पाणी, पालेभाज्या, गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल. निकोटीनचं च्युइंगगम मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका.

सासूबाई रोज समोर मशेरी लावत असतील, तर सुनेला ती सोडणं जड जातं. शक्य असेल तर दोघींनी मिळून सोडा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. पाचवा-सहावा महिना लागला असला तरी "आता काय उपयोग" म्हणू नका. बाळाचा मेंदू अजून घडतोच आहे.